तेरा आठवड्यांचा पाहुणा

३ मार्च, सोमवार. सकाळी ६.१०

नवी डायरी, नवं हॉस्पिटल. अकरावं. काँट्रॅक्ट नेहमीप्रमाणे तेरा आठवड्यांचं, म्हणजे ३० मेपर्यंत. हे शेवटचं. यानंतर फिरती बंद. घराजवळ एक्स-रेची कायमची नोकरी बघायची आणि संध्याकाळी सहाला चप्पल काढून घरात. हे मी दहाव्या काँट्रॅक्टलाही लिहिलं होतं, पण तेव्हा मनापासून लिहिलं नव्हतं.

संकल्प : रोज संध्याकाळी आठला घरी फोन. ओव्हरटाइम घ्यायचा नाही. दर दुसऱ्या शनिवारी घरी जायचं. सहा तासांची बस, काही लांब नाही.

निघताना बायको म्हणाली, या वेळी गेलात तर परत येऊ नका. रागात माणूस बोलतो. खरंच मनात असतं तर बॅग भरून दिली असती का? आणि एक नाही, तीन भरल्या! दहा वेळा मीच कपडे कोंबून निघालो. या वेळी तिनं स्वतः, प्रत्येकाची घडी घालून. उन्हाळा तोंडावर आला असताना लोकरीचे स्वेटर, मोठा कोट, काळे बूटसुद्धा. माझी किती काळजी! तिसरी बॅग जड आहे. ती तशीच पलंगाखाली सरकवली. नंतर बघू.

त्याच दिवशी, रात्री ८.३०

जॉइनिंगचा फॉर्म भरला. चार पानी. 'आपत्कालीन संपर्क' या रकान्यात बायकोचं नाव, नातं पत्नी, आणि नंबर न बघता लिहिला. जगात हा एकच नंबर मला तोंडपाठ आहे. स्वतःचासुद्धा नाही, तो फोनमध्ये बघावा लागतो.

डिपार्टमेंट बरं आहे. तिथल्या मुख्य बाईंना सगळे हेडबाई म्हणतात. चष्मा कायम डोक्यावर, आणि शोधतात टेबलावर. माझ्या लॉकरवर नाव नाही, 'फिरते ४' अशी चिठ्ठी आहे. हेडबाई मला पाहुणे म्हणाल्या. पाहुणे, चहा कुठे मिळतो ते दाखवते, या. आजवर दहा ठिकाणी कुणी हा मान दिला नव्हता. 'ओ एक्स-रे' म्हणून हाक मारायचे.

आठला फोन केला. लागला नाही. नेटवर्क.

५ मार्च, बुधवार

पहिला खराखुरा दिवस. छातीचा एक्स-रे. पेशंटला म्हटलं, श्वास घ्या, रोखून धरा. आणि बटण सापडेना. या मशीनचं बटण डाव्या हाताला आहे, हे मला कुणी सांगायला नको? बटण सापडलं, एक्स-रे निघाला, सुरेख निघाला, मी काचेमागे उभा राहून तो बघत बसलो. 'श्वास सोडा' म्हणायचं राहून गेलं. पेशंट पोहणं शिकवणारा होता म्हणून निभावलं. तरी तो बाहेर हेडबाईंकडे जाऊन काहीतरी बोलला. नवीन माणसाच्या नावानं ओरड करायला लोकांना निमित्तच हवं असतं. नावडतीचं मीठ अळणी.

८.०० घरी फोन. चार मिनिटं बोललो! मशीनबद्दल सगळं सांगितलं, बटणाची जागा, टेबलाची उंची. बायको सात वेळा 'बरं' म्हणाली. गेल्या काँट्रॅक्टला तीनदाच म्हणायची. संवाद वाढतोय. शेवटी तिनं विचारलं, तिसरी बॅग उघडलीत का? म्हटलं, अगं, वेळ कुठे मिळतो. म्हणाली, वेळ मिळाला की उघडा.

१५ मार्च, शनिवार

घरी जाणार होतो. पण काल हेडबाई म्हणाल्या, पाहुणे, उद्याच्या शिफ्टला तुमच्यासारख्या अनुभवी माणसाशिवाय भागणार नाही. आता असं कुणी म्हटल्यावर काय करायचं? आज दुपारी कळलं की माझ्याआधी त्यांनी तिघांना विचारलं होतं आणि तिघांनीही नाही म्हटलं होतं. म्हणजे तीन कामचुकारांना विचारून झाल्यावर त्यांना खरा माणूस सापडला.

घरी कळवलं. बायको म्हणाली, बरं. लेक मागून काहीतरी म्हणाली. लेक वीस वर्षांची आहे, होस्टेलवरून शनिवार-रविवार घरी येते. गेल्या वर्षी तिनं एक पेपर दिलाच नाही, त्यामुळे वर्ष मागे पडलं. कारण विचारलं तर गप्प. तेव्हा मी तिला फोनवर अर्धा तास मेहनतीचं महत्त्व सांगितलं होतं. बापानं नाही सांगायचं तर कुणी? आज विचारलं, काय म्हणतेस गं? म्हणाली, काही नाही बाबा, तुम्ही घरी आलात की टॉवेल कुठे ठेवलाय ते विचारता, म्हणून या वेळी दारामागे लावून ठेवला होता. किती विचार करतात दोघी माझा.

२१ मार्च, शुक्रवार. दुपारी

सकाळी साडेसहाला पोर्टेबलची फेरी असते. ज्यांना खाली आणता येत नाही त्यांच्या खाटेपाशी मशीनच घेऊन जायचं. चारशे किलोचं धूड, चाकांवर, मोटर आहे तरी वळवताना नाकी नऊ येतात.

खाट क्रमांक चौदावर एक आजोबा आहेत. छातीत पाणी. रोज एक्स-रे. मी 'एक्स-रे!' म्हणून ओरडलो की नर्ससकट सगळे बाहेर पळतात. मीही वायर ताणून सहा फूट लांब जातो. आजोबांचा हात धरून बसलेल्या आजी हलत नाहीत. म्हटलं, आजी, दोन सेकंद बाहेर. म्हणाल्या, मी हात सोडला की हे डोळे उघडतात, आणि डोळे उघडले की घाबरतात. शेवटी किरणं अडवणारा शिशाचा एप्रन दिला. सहा फुटी माणसासाठी केलेला तो एप्रन, आजी साडेचार फुटी. घोट्यापर्यंत आला. वजनानं जरा झुकल्या, पण हात सोडला नाही.

फिल्म उत्तम आली. कोपऱ्यात आजींची दोन बोटं आली आहेत, ती काही मी मुद्दाम आणली नव्हती.

२७ मार्च, गुरुवार

आजी आता एप्रनचा पट्टा स्वतःच बांधतात. आज विचारलं, तुमच्या घरी कोण असतं? म्हटलं, बायको, लेक. सुखी संसार आहे. म्हणाल्या, मग तुम्ही इथे काय करता? म्हटलं, काम आहे आजी. म्हणाल्या, हं.

तेवढ्या एका 'हं'वरून दिवसभर डोकं फिरलं. स्वतःशी स्वच्छ बोलायला काय हरकत आहे, म्हणून लिहितो. गेल्या वर्षी, आठव्या काँट्रॅक्टच्या वेळी, बायकोचं पित्ताशयाचं ऑपरेशन अचानक करावं लागलं. हॉस्पिटलच्या फॉर्मवर तिनं आपत्कालीन संपर्क म्हणून माझा नंबर दिला. माझा फोन लॉकरमध्ये. कामावर फोन लॉकरमध्येच ठेवायचा, नियम आहे. चौदा मिस्ड कॉल. सहा तासांनी बघितले आणि लगेच फोन केला, लगेच! ती म्हणाली, झालं सगळं. शेजारच्या काकूंनी सही केली. मी विचारलं, येऊ का? म्हणाली, आता कशाला. म्हणून गेलो नाही. तिनंच नको म्हटलं.

ते ती अजून मनात धरून आहे. नियम मी केला होता का? तरी आता मी फोन खिशात ठेवतो. हेडबाई रागावल्या, तरी ठेवतो. बायकोसाठी. तिचा फोन येत नाही, ही गोष्ट वेगळी.

१२ एप्रिल, शनिवार

लग्नाचा वाढदिवस. तेविसावा. बसचं तिकीट काढलं होतं, सकाळी सातचं, खिडकीजवळचं. न सांगता जाऊन दारात उभं राहायचं.

काल हेडबाईंनी शिफ्टचं विचारलं. मी चक्क नाही म्हटलं! माझाच मला अभिमान वाटला. त्या म्हणाल्या, ठीक आहे, मग 'फिरते २'ला विचारते. 'फिरते २'! ज्याला पेशंटचा उजवा गुडघा सांगितला तर तो स्वतःच्या गुडघ्याला हात लावून बघतो! माझ्या जागी तो? हॉस्पिटलचं नाव जाईल. घेतली शिफ्ट. घेणं भाग होतं.

सकाळी फोन करून बायकोला म्हटलं, ओळख, आज काय आहे? म्हणाली, शनिवार. विसरभोळी झाली आहे अलीकडे.

दुपारी गर्दी नव्हती तेव्हा बागेतलं एक फूल तोडून आणलं आणि त्याचा एक्स-रे काढला. पाकळ्या आतून इतक्या नाजूक दिसतात, बघणाऱ्याचं भान हरपावं. तिला पाठवला. तिनं बघितला, तशी खूण आली. उत्तर आलं नाही. काय लिहावं सुचलं नसणार. मी नंतर बराच वेळ फोन हातात धरून बसलो होतो, ते नुसतं बसायचं म्हणून.

२४ एप्रिल, गुरुवार. सकाळी ७.१५

खाट चौदा रिकामी. गादी गुंडाळलेली. नर्स म्हणाली, पहाटे.

खुर्चीवर एप्रन होता. आजींनी त्याची व्यवस्थित चौकोनी घडी घालून ठेवली होती. शिशाच्या एप्रनची घडी घालायची नसते. आत भेगा पडतात, बाहेरून दिसत नाहीत, आणि मग तो कशाच्याच उपयोगाचा राहत नाही. तो टांगायचा असतो. हे त्यांना कोण सांगणार? मीच सांगायला हवं होतं. उचलून टांगला. रडू आलं. लिफ्टजवळ उभा राहून रडलो. बावीस वर्षांच्या नोकरीत कितीतरी खाटा रिकाम्या झाल्या, आजच काय झालं कळत नाही. झोप कमी पडते आहे.

रात्री ८.०० घरी फोन. उचलला नाही. ८.१० ला परत. ८.२५ ला परत. बाहेर गेली असेल.

२ मे, शुक्रवार. दुपारी ३

लिहिणारा हात शाबूत आहे. पण डावा पाय गेला.

क्रमवार लिहितो. सकाळी पोर्टेबल घेऊन कॉरिडॉरमधून चाललो होतो. खिशात फोन वाजला. एका हातानं मशीन, एका हातानं फोन. लेकीचा मेसेज. नजर आधी शेवटच्या ओळीवर गेली. 'आई वाट बघतेय.' वाट बघतेय! मी म्हणत नव्हतो? दोन महिने म्हणत होतो! आनंदात वळण चुकलं आणि चारशे किलो डाव्या पायावरून गेले. खाली बसल्यावर मेसेज पुरता वाचला. 'बाबा, तिसरी बॅग उघडलीत का? त्यातल्या पाकिटाची आई वाट बघतेय.'

पाकिटाची. विम्याचे कागद असतील.

हेडबाईंनी स्वतः माझा एक्स-रे काढला. मी फिल्म बघून सांगितलं, फ्रॅक्चर नाही, नुसता मुका मार आहे, बावीस वर्षांत मी अशा हजार फिल्म बघितल्यात. डॉक्टर आले. दोन हाडं मोडली आहेत.

मग नियमाप्रमाणे हेडबाईंनी फॉर्म काढून आपत्कालीन संपर्काला फोन लावला. मी बाहेर खुर्चीवर, पाय वर करून. परत आल्या तेव्हा चष्मा हातात होता. बराच वेळ पुसत होत्या. म्हणाल्या, पहिल्याच रिंगला उचलला हो बाईंनी. कुठलं हाड, प्लास्टर किती दिवस, औषधाची अ‍ॅलर्जी आहे ती डॉक्टरांना सांगितली का, खोलीवर जिना आहे का, सगळं विचारलं. मी म्हटलं, बघा! मी काय म्हणतो! हेडबाई म्हणाल्या, हो. आणि फोन ठेवताना मिसेस म्हणाल्या, पुढच्या वेळी फॉर्मवर दुसऱ्या कुणाचं तरी नाव लिहायला सांगा त्यांना.

मी म्हटलं, रागात आहे. हेडबाई म्हणाल्या, रागात नव्हत्या हो पाहुणे. फार हळू बोलत होत्या.

४ मे, रविवार. संध्या. ६

लेक आली होती. सकाळच्या बसनं. सहा तास तिकडून, आता सहा तास परत. मला बघून म्हणाली, बाबा, किती बारीक झालात. खोलीत एकच खुर्ची, तिच्यावर माझा पाय, म्हणून ती जमिनीवर बसली. मग पलंगाखालून तिसरी बॅग ओढून काढली आणि म्हणाली, आता उघडू या.

माझी सर्टिफिकेटं, फाइलमध्ये वर्षांप्रमाणे लावलेली. माझ्या वडिलांचं घड्याळ, रुमालात गुंडाळलेलं. दाढीचा जुना आरसा. दहाही हॉस्पिटलांची ओळखपत्रं, जी मी घरी नेऊन टाकायचो आणि बायको एका डब्यात ठेवायची, मला माहीतही नव्हतं. माझी प्रत्येक वस्तू. घरात माझं काही शिल्लकच नसेल आता. तळाशी पाकीट. वकिलाचे कागद. जिथे जिथे सही करायची तिथे पिवळ्या चिठ्ठ्या चिकटवलेल्या, मला शोधावं लागू नये म्हणून.

मी म्हटलं, विम्याचे असतील. लेक म्हणाली, बाबा, वाचा.

वाचले.

म्हटलं, एका फोनसाठी? लॉकरमध्ये राहिलेल्या एका फोनसाठी? लेक म्हणाली, एका नाही. मग म्हणाली, त्या दिवशी माझा पेपर होता. काकूंचा फोन आला म्हणून मी हॉलमधून उठून आले. ऑपरेशननंतर आईला शुद्ध आली तेव्हा मी होते तिथे.

तो पेपर. ज्यावरून मी तिला अर्धा तास मेहनतीचं सांगितलं होतं.

विचारलं, मला का सांगितलं नाहीस? म्हणाली, आई म्हणाली होती, बाबांना वाईट वाटेल, सांगू नकोस.

मग तिनंच विचारलं, बाबा, एकदाच जातो म्हणून गेलात, अकरा वेळा का गेलात? काय सांगू? खरं ते सांगितलं. म्हटलं, नव्या ठिकाणी गेलो की लोक म्हणतात, बरं झालं तुम्ही आलात. तेरा आठवडे तरी म्हणतात. लेक म्हणाली, आई दर वेळी तेच म्हणायची बाबा. तुम्ही बॅग ठेवून टीव्ही लावायचात.

मला एकदाही ऐकल्याचं आठवत नाही. खूप आठवून बघितलं.

सह्या केल्या. सहा ठिकाणी. लेक म्हणत होती, आजच करायला हवं असं नाही. म्हटलं, तिला अजून वाट बघायला नको. पाचवी सही जरा वाकडी आली. लेक जिन्यावरून खाली गेली तेव्हा मी कुबड्या घेऊन दारापर्यंत गेलो. वळून बघत म्हणाली, आठला मला फोन करा, पण मशीनचं सांगू नका. म्हटलं, मग काय सांगू? म्हणाली, मला विचारा काहीतरी.

८.०० लेकीला फोन केला, ती बसमध्ये होती. विचारलं, जेवलीस का? म्हणाली, हो. पुढे काय विचारायचं सुचेना. दोन मिनिटं नुसता बसचा आवाज ऐकला.

३० मे, शुक्रवार

काँट्रॅक्ट संपलं. शेवटचे चार आठवडे टेबलापाशी बसून कागदपत्रं. लॉकरवरची चिठ्ठी तशीच ठेवली आहे, सोमवारी नवा 'फिरते ४' येतोय. हेडबाई म्हणाल्या, पाहुणे, सांभाळून राहा. मी म्हटलं, माझं नाव तुम्हाला माहीत आहे का? ओशाळल्या. फॉर्ममध्ये आहे की, म्हणाल्या.

जाताना वॉर्डात चक्कर मारली. चौदा नंबरवर दुसरं कुणीतरी आहे. एप्रन खुंटीला नीट टांगलेला होता. हात लावून बघितला, भेगा हाताला लागत नाहीत.

९ जून, सोमवार. सकाळी ८.४०

बारावं हॉस्पिटल. डायरी तीच, पानं शिल्लक आहेत. संकल्प : लेकीला रोज आठला फोन. प्रश्न आदल्या दिवशी लिहून ठेवायचे.

फॉर्म तसाच, चार पानी. सर्टिफिकेटं पहिल्यांदाच न शोधता सापडली. 'आपत्कालीन संपर्क' आला आणि पेन आपोआप चालू लागलं. पाच आकडे लिहून झाल्यावर लक्षात आलं. खोडले. लेकीचा लिहावा म्हटलं. मग आठवलं, या महिन्यात तिचे पेपर आहेत. तिला पुन्हा हॉलमधून उठवायचं नाही. आणखी कुणाचा? मागे रांग लागली.

शेवटी खिशातून फोन काढून माझाच नंबर बघितला आणि लिहिला. नातं : स्वतः.

खिडकीतल्या बाई म्हणाल्या, अहो, तुम्हालाच काही झालं तर हा फोन उचलणार कोण? म्हटलं, मी उचलेन. हल्ली खिशातच असतो.